जागल्याची साक्ष

"तीस वेळा," देवस्थळी साहेब म्हणाले. त्यांनी कागदाची पट्टी टेबलावर उलगडली आणि ती पंख्याने उडू नये म्हणून तिच्या टोकावर पाण्याचा पेला ठेवला. "शेवटच्या पंचवीस मिनिटांत तुम्ही तीस वेळा बटण दाबलेलं आहे, बोरकुटे. शेवटचं कधी, ठाऊक आहे? धडकेच्या अकरा सेकंद आधी."

शालिग्राम बोरकुटे खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. त्याच्या कपाळावर सात टाके पडले होते आणि त्यांच्या कडेने केस भादरलेले होते.

"होय जी," तो म्हणाला.

"झोपलेला माणूस बटण दाबतो का?"

"नाई दाबत, साहेब."

"म्हणजे तुम्ही जागे होता."

"तसंच म्हना लागंन."

"समोर लाल सिग्नल होता. लाल झेंडी घेऊन एक माणूस रुळाच्या कडेने तुमच्याकडे धावत आला. तो ओरडत होता, हे फाटकवाल्याने दोनशे पावलांवरून ऐकलं. पुढे त्या झेंडीवाल्याने तुमच्या इंजिनाची शिडीदेखील पकडली. तुम्ही जागे होता आणि तुम्ही ब्रेक लावला नाही. का?"

बोरकुटेने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "तेच तं मी सोताले इचारून राह्यलो, साहेब. नऊ दिवस झाले."

या घटनेस आता सोळा वर्षे लोटली. तथापि तो चौकशीचा कक्ष, मे महिन्याचा तो उन्हाळा आणि त्या माणसाचे ते उलटेसुलटे होणारे तळवे माझ्या दृष्टीसमोरून क्षणभरही हललेले नाहीत.

पाथरगोटा येथील कोळशाच्या खाणीपासून सोनझरीच्या वीजकेंद्रापर्यंत आमच्या कंपनीचा स्वतःचा चौतीस किलोमीटरचा लोहमार्ग होता. मी तेथे इंजिनांची विद्युत्-उपकरणे सांभाळणारा तंत्रज्ञ होतो. शिक्षण नववी नापास आणि त्यानंतर दोन वर्षांचा वायरमनचा अभ्यासक्रम, एवढेच. परंतु ग्रंथालयाचे कपाट मी दोनदा वाचून काढले होते आणि कंपनीत अर्ज, निवेदन, निरोपाचे भाषण जे काही लिहावयाचे असे, ते माझ्याकडे येत असे.

पूर्वी प्रत्येक इंजिनावर दोन माणसे असत. एक चालक आणि एक त्याचा जोडीदार. सिग्नल दिसला की चालकाने बोट करून तो मोठ्याने पुकारावयाचा आणि जोडीदाराने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तसाच परत पुकारावयाचा, अशी रीत होती. बोरकुटे आणि बाजीराव मडावी यांची जोडी अकरा वर्षांची. "हिरवा," "हिरवा", "लाल," "लाल," असा त्यांचा आवाज फाटकावरच्या लोकांना दुरून ऐकू येई आणि लोक हसत म्हणत, "निंगाले भजनी मंडळ."

अपघाताच्या दोन वर्षे आधी यंत्र आले. कागदोपत्री त्याचे नाव दक्षता यंत्र. चालकांनी नाव ठेवले जागल्या. चालकाने साठ सेकंदांत कोणत्याही दांड्यास हात लावला नाही तर त्याच्यासमोर पिवळा दिवा लागे. आठ सेकंदांत त्याने बटण दाबले नाही तर भोंगा वाजे, आणि भोंग्यालाही त्याने दाद दिली नाही तर गाडीचे ब्रेक आपोआप लागत. यंत्र बसले त्याच महिन्यात नऊही इंजिनांवरचे जोडीदार खाली उतरविण्यात आले. मडावीला रुळांचे सांधे बदलण्याच्या कामावर, सोनझरीच्या बाहेरच्या सिग्नलपाशी, पत्र्याच्या खोपटात बसविले.

अपघाताच्या दिवशी त्या सिग्नलच्या पलीकडे एक रिकामी गाडी जोड तुटल्यामुळे उभी होती. मडावी तिच्या रक्षणासाठी झेंडी घेऊन उभा होता. दुपारी पावणेचार वाजता बोरकुटेची कोळशाने भरलेली गाडी वीसच्या संथ वेगाने आली. मडावी तिच्या दिशेने धावला. गाडी थांबत नाही असे पाहून त्याने अकरा वर्षांच्या सवयीची ती शिडी पकडली, आणि तो वर चढत असतानाच इंजिन त्या उभ्या गाडीवर आदळले. मडावीचा देह बाहेर काढण्यास दोन तास लागले.

"तुमचं आणि मडावीचं भांडण होतं ना?" हा प्रश्न आमच्या व्यवस्थापकांचा, थोरात साहेबांचा होता. ते देवस्थळींच्या उजव्या हाताला बसले होते. देवस्थळी हे बाहेरून बोलाविलेले निवृत्त अधिकारी.

"भांडन नाई, साहेब. बोलनं बंद होतं."

"किती दिवस?"

"दोन वर्सं."

"कशावरून?"

"त्याले वाटे का, जोडीदार नको म्हनून मीच साहेबलोकाईले सांगतलं. कोनी तरी त्याले बोल्लं होतं, का चालकाईचंच मत घेतलं म्हनून."

"सांगितलं होतंत?"

"माह्या लेकराची आन, नाई. मले कोनी इचारलंच नाई."

मी त्या पेल्यातील पाण्याकडे पाहत होतो. नंतर माझ्याकडे वळून थोरात साहेब म्हणाले, "निमगडे, तुम्ही तज्ज्ञ आहात. यंत्र चालू होतं की बंद, एवढंच सांगा."

"चालू होतं."

"नोंदी खऱ्या?"

"खऱ्या."

"बस्स." त्यांनी फाइल मिटली. "यंत्र खोटं बोलत नाही, देवस्थळी साहेब. माणूस बोलतो. आता पोलिसांनी जाणूनबुजून केलेलं कृत्य म्हणून गुन्हा लावला, तर कंपनी मध्ये पडणार नाही."

मी बाहेर आलो. बोरकुटेला अपघाताच्या दिवशी पहाटे पावणेतीनला कामावर बोलाविले होते. अपघात झाला तेव्हा त्याचा तेरावा तास चालू होता आणि बदली चालक पाठविण्याविषयी त्याने दोनदा विनंती केली होती. हे थोरात साहेबांना ठाऊक होते. त्या कक्षात ते एकाही तोंडातून बाहेर पडले नाही, माझ्याही नाही.

त्याच दुपारी मी त्याच्या घरी गेलो. गोकर्णा वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"या, भाऊजी. आताच डोळा लागला त्याईचा. चौकशीवरून आले, पानी पेले नाई, तसेच पडले."

"मी बसतो थोडा वेळ. उठवू नका."

"कोन उठवते? नऊ दिवसात पयल्यांदा निजले." त्यांनी तांदळातला एक खडा बाहेर फेकला आणि आवाज खाली आणला. "तुमाले सांगतो, कोनाले बोलू नका. उद्या पोलिसाले लिहून देतो म्हन्तेत."

"काय लिहून देणार?"

"का मी बाजीरावले पाह्यलं अन् गाडी थांबवली नाई. मी म्हटलं, पाह्यलं का खरंच? तं म्हन्ते, मले आठवत नाई. पुलापासून पुढचं कायीच आठवत नाई. पन कागदावर लिवलं हाय का मी जागा होतो. कागद कायले खोटं बोलंन? म्हंजे माह्या मनात पाप असंन, अन् मलेच ठावं नसंन." त्यांचा हात सुपात थांबला. "भाऊजी, असं असते का? मानूस एखाद्याले मारंन अन् त्याले ठावं नसंन?"

मी उंबऱ्यातून आत पाहिले. आत बाजेवर बोरकुटे उताणा झोपला होता. तोंड उघडे, घोरणे संथ. मी त्याच्याकडे पाहत असतानाच त्याचा उजवा हात कोपरातून उचलला गेला, बाजेच्या लाकडी कडेवर आला, अंगठ्याने लाकूड दाबले आणि हात परत छातीवर जाऊन पडला. घोरण्यात खंड पडला नाही.

मी जागचा उठलो.

"काय पाहून राह्यले?" वहिनींनी विचारले.

"हा हात."

"हे होय. दोन वर्सं झाले त्याले. पयले मले वाटलं, मच्छर मारते. मंग वाटलं, सपनात माह्यावर हात उगारते. मी म्हटलं, जागेपनी तं हिंमत नाई होत." त्या हसल्या. "धरून ठेवला का दचकून उठते. मंग मीच म्हटलं, वाजवू दे बापा."

मी मनगटावरचे घड्याळ सोडून हातात घेतले. पन्नास सेकंद. एक्कावन्न. पन्नास. एकोणपन्नास. पन्नास.

वाचकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिवळा दिवा लागला म्हणजे चालक सुस्तावला, असा अर्थ थोरात साहेबांनी लावला होता. कोणाचा दिवा महिन्यात किती वेळा लागला याचा तक्ता मी तयार करीत असे. तो फलकावर लावला जाई आणि वरच्या तीन नावांस ताकीदपत्र मिळे. सबब चालकांनी दिवा लागूच द्यावयाचा नाही, असा परिपाठ ठेवला. पन्नास सेकंद झाले की बटण, की यंत्राची मोजणी पुन्हा शून्यापासून. डोळ्यांना दिवा दिसण्याची गरजच उरली नाही. हाताने वेळ मोजण्याची विद्या आत्मसात केली आणि ती डोक्याला न विचारता चालविली. बोरकुटेचे नाव त्या तक्त्यावर सर्वांत खाली असे. शून्य दिवे. त्याला त्याबद्दल सव्वीस जानेवारीस प्रशस्तिपत्रही मिळाले होते. ते समोरच्या भिंतीवर टांगलेले होते.

मी ते वाचले आणि मला असा संताप आला, की माझ्या हातातील घड्याळाची काच मी अंगठ्याने दाबून तडकविली.

"वहिनी, उद्या दुपारपर्यंत त्यांना कोठेही सही करू देऊ नका."

"माह्यं आयकते का?"

"विळा घेऊन दारात बसा. पण सही होऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीच्या कक्षात उभा राहून मागणी केली, की यंत्राची चाचणी चालू इंजिनात, बोरकुटेस बसवून, समितीच्या डोळ्यांसमोर व्हावी.

"कशासाठी?" थोरात साहेब म्हणाले. "काल तुम्हीच सांगितलंत, यंत्र ठीक आहे."

"यंत्र ठीकच आहे, साहेब."

"मग?"

"ते काय मोजतं, ते दाखवायचं आहे."

"निमगडे, हे व्याख्यान नाही."

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "दाखवू दे. मला नाहीतरी इंजिनात बसून बरीच वर्षं झाली."

तीन वाजता आम्ही कारखान्याच्या बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या इंजिनात चढलो. बोरकुटे आपल्या आसनावर बसला. इंजिन जागच्या जागी चालू ठेवले आणि यंत्राचा चाचणीचा खटका मी वर केला. बाहेर पत्रा तापून काळवंडला होता. आत इंजिनाचा एकसुरी घरघराट.

"मी काय करू, भाऊ?" त्याने मला विचारले.

"काही नाही. समोर पाहा. जागल्या सांभाळा."

तो समोर पाहू लागला. बटण दाबू लागला. दहा मिनिटे झाली, वीस झाली. थोरात साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि खिडकीत तोंड घालून उभे राहिले. "यात काय बघायचं आहे?" असे ते दोनदा म्हणाले. पंचविसाव्या मिनिटास बोरकुटेची मान थोडी पुढे झुकली. अठ्ठाविसाव्या मिनिटास हनुवटी छातीस टेकली. हात उचलला गेला, बटणावर आला, अंगठ्याने दाबले आणि मांडीवर परत गेला.

देवस्थळी एक पाऊल पुढे आले. त्यांनी वाकून बोरकुटेच्या तोंडाकडे पाहिले. पापण्या मिटलेल्या होत्या. श्वास जड झाला होता. पुन्हा हात उठला. पुन्हा बटण दाबले गेले. पिवळा दिवा विझलेलाच राहिला.

मी खणातील लाल झेंडी काढली आणि त्याच्या तोंडासमोर धरून हलविली. झेंडीची किनार त्याच्या मिशीस लागली. तो हलला नाही. हात उठला, बटण दाबले आणि हात खाली गेला.

"उठवा त्याला," थोरात साहेब म्हणाले.

"कशाला, साहेब?" मी झेंडी तशीच धरून म्हणालो. "तो जागा आहे. जागल्याला विचारा. आता पट्टी काढली तर जागाच म्हणेल. काल अशाच पट्टीवरून तुम्ही त्याला खुनी ठरवत होता."

"तोंड सांभाळून बोला."

"पंधरा वर्षं सांभाळलं."

देवस्थळींनी हात वर करून आम्हा दोघांना गप्प केले. ते घड्याळ पाहत उभे होते. आठव्यांदा बटण दाबले गेले तेव्हा त्यांनी आपल्या हाताने बोरकुटेचा खांदा हलविला.

तो दचकून उठला. त्याची पहिली नजर यंत्रावर गेली. "दिवा लागला का?"

मी पट्टी काढली आणि शेवटच्या आठ नोंदींवर पेन्सिलीने रेघ मारून ती त्याच्या हाती दिली. "या आठ वेळा तुम्ही झोपेत होता. साहेबांनी स्वतः पाहिलं."

त्याने पट्टी डोळ्यांजवळ नेली. प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून ती मोजली. "अन् त्या दिवशीच्या पट्टीवरही अशाच होत्या?"

"अगदी अशाच. पन्नास-पन्नास सेकंदांवर."

"म्हंजे मी बाजीरावले पाह्यलं नाई?"

"नाही."

"शिडीवर आला, तवाही नाई?"

"नाही, बोरकुटे. तुम्ही झोपेत होता."

त्याने कपाळ समोरच्या दांड्यांवर टेकविले. टाक्यांतून थोडे रक्त आले, त्याचे त्याला भान नव्हते.

थोरात साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. "ठीक आहे. म्हणजे ड्युटीवर झोपला. तोही गुन्हाच. आणि यंत्राचं म्हणाल, तर वेळ कमी करू. साठाचे चाळीस सेकंद."

"तेरावा तास होता," मी म्हणालो. "दोनदा बदली मागितली होती त्यांनी. तुमच्याच नियंत्रण कक्षात नोंद आहे. चाळीस करा, वीस करा, हात तेही शिकेल. शेजारी माणूस असता तर त्याने याला हलवून जागं केलं असतं."

"अगदी बरोबर," देवस्थळी म्हणाले. "थोरात, मला कालपासून तेच कळत नाही. दुसरा माणूस काढला कोणत्या आधारावर?"

थोरात साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. त्यांनी बगलेतील फाइल उघडली, शांतपणे एक पान काढले आणि ते वाचू लागले.

"सदर यंत्रास क्षुधा नाही, तृष्णा नाही, निद्रा नाही. माणूस माणसास फसवील, परंतु यंत्रास फसविणे अशक्य आहे. सबब इंजिनावर दुसऱ्या माणसाची आवश्यकता उरत नाही. अनुभवी चालकांचेही हेच मत आहे." त्यांनी पान देवस्थळींच्या हाती दिले. "खाली सही वाचा."

देवस्थळींनी सही वाचली. डो. ल. निमगडे, तंत्रज्ञ.

दोन वर्षांपूर्वी थोरात साहेबांनी मला कार्यालयात बसवून चहा पाजला होता. "निमगडे, मुख्य कचेरीला अहवाल पाठवायचाय. तुमच्यासारखी भाषा इथे कोणाची नाही," असे ते म्हणाले होते. मी रात्रभर जागून तीन मसुदे केले. दुसऱ्या माणसाची आवश्यकता नाही, हे त्यांनी लिहावयास सांगितले होते. परंतु चालकांचेही हेच मत आहे, हे वाक्य मला कोणी सांगितले नव्हते. मी एकाही चालकास विचारलेले नव्हते. परिच्छेद 'उरत नाही' या शब्दांवर संपला तर तो लंगडा वाटतो, शेवट भारदस्त असावा, एवढ्यासाठी ते मी माझ्या पदरचे घातले.

देवस्थळींनी ते पान घडी करून स्वतःच्या खिशात ठेवले. "माझ्या अहवालात 'जाणूनबुजून' हा शब्द असणार नाही," ते थोरात साहेबांना म्हणाले. "तेरा तास असतील. आणि हे पानही असेल." माझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत. दोघेही शिडी उतरून गेले.

मी इंजिन बंद केले. बोरकुटेने डोके वर केले होते आणि तो माझ्याकडे पाहत होता.

"अनुभवी चालक कोन, भाऊ?"

"कोणी नाही. मी कोणालाच विचारलं नव्हतं."

"मंग काऊन लिवलं?"

"वाक्य चांगलं वाटलं म्हणून."

त्याने मान हलविली, जणू इंजिनातील एखादा बिघाड त्याच्या ध्यानात आला होता. "दोन वर्सं तो माह्या दारावरून गेला, पन मान वर नाई केली. मी आवाज देल्ला, तरी नाई. त्याच्या पोरीच्या लग्नात मी आहेर घेऊन गेलो, तं त्यानं तो मांडवाच्या बाहेर ठेवला. मले वाटे, कोन नासवलं असंन त्याचं मन."

"मी उद्या मडावीच्या घरी जाऊन सगळं सांगतो."

"कोनाले सांगता? त्याले आयकाचं होतं."

"माझ्यावर राग काढा, बोरकुटे. मारा मला. मी हात वर करणार नाही."

तो उठला. पट्टीची बारीक घडी करून त्याने ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, कपाळावरचे रक्त बाहीने पुसले आणि दारात जाऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेथे तो थांबला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"मी झोपेत होतो, निमगडे भाऊ. तुमी तं जागे होते."